तुळजाबाईच्या मनगटावरची पट्टी

१

तुळजाबाई सकाळीच गेली होती. शिरूर अनंतपाळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या पापण्या उघडून बघितल्या, छातीला नळी लावली आणि मान हलवली, तेव्हा ऊन डोक्यावरही आलं नव्हतं. उसाच्या खुरपणीत उष्माघातानं बाई गेली, एवढंच कारण. आणि दुपारी, जेवणवेळ टळून गेल्यावर, तिकडे लांब नांदेडला वर्षाराणीच्या मोबाईलवर घंटी वाजली. पडद्यावर लाल अक्षरं होती. तुळजाबाई, सावरवाडी. नाडी फार जोरात. ताबडतोब लक्ष द्या.

मेलेल्या बाईचं काळीज धडधडत होतं.

वर्षाराणी नांदेडच्या एका आरोग्य संशोधन केंद्रात पीएच.डी. करत होती. उन्हातान्हात राबणाऱ्या बायांच्या शरीराचं काय होतं, हा तिचा विषय. सावरवाडीच्या ऊस खुरपणाऱ्या टोळीतल्या बायांच्या मनगटावर तिनं नाडी मोजणाऱ्या पट्ट्या बांधल्या होत्या. नाडी धोक्याच्या वर गेली की हिच्या मोबाईलवर घंटी वाजायची आणि हिनं मदत धाडायची, असा करार. घंटी वाजली तशी पोरगी जीप करून सावरवाडीला धावली. पोचली तेव्हा तिरडी बांधून झाली होती, आणि पट्टी तुळजाबाईच्या मनगटावरच होती. तिनं ती सोडवून आणली.

केंद्राच्या नैतिकता समितीची बैठक बसली. वर्षाराणीचे मार्गदर्शक डॉ. अण्णाराव हंडरगुळे यांना प्रकरण त्याच दिवशी मिटवायचं होतं.

"सरळ आहे," ते म्हणाले. "घंटी सकाळीच वाजली असणार. हिनं बघितली नाही. बाई गेल्याचं कळल्यावर घाबरून दुपारची घंटी बनवून घातली. मेलेल्या माणसाची नाडी चढत नाही हे तिच्या लक्षात राहिलं नाही."

असं ठरलं असतं तर पोरीची नोंदणी गेली असती, शिवाय एका बाईच्या मरणाचा ठपका जन्मभर कपाळी राहिला असता. समितीनं शहानिशेचं काम आपलेच एक सदस्य, डॉ. सुदर्शन वाघमारे, यांच्या गळ्यात घातलं. वाघमारे न्यायवैद्यकाचे निवृत्त प्राध्यापक. उभा जन्म मढी वाचण्यात गेलेला, आणि या खेपेला नेमकं मढंच नव्हतं. फाडाफाडी नको म्हणून भाऊबंदांनी दवाखान्यात हात जोडले होते, आणि दहन होऊन आठवडा उलटला होता.

निघण्याआधी त्यांनी तुळजाबाईच्या मुलाला, प्रेमला, फोन लावला. वाटलं, पोरगा शिव्या घालील. त्यानं घातल्या नाहीत.

"सायेब," तो म्हणाला, "मायचं काळीज तुमच्या मशिनीत लिवून निगतंय म्हणं. म्या माझा टेम्पो घिऊन परगावी हुतो, शेवटी जवळ न्हवतो. तिला किती तरास झाला, तेवढं त्यातून बघून सांगा. बाकी मला कायबी नको."

२

वर्षाराणी देगलूरची. खोलीत शिरताना वाघमाऱ्यांना वाटलं होतं, रडून डोळे सुजवून बसली असेल. ती रडत नव्हती. टेबलावर दोन्ही तळवे पालथे ठेवून, परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. शेजारी सत्यम उभा. हा अभियांत्रिकीचा संशोधक, पट्टी आणि घंटीची सगळी यंत्रणा त्याची. एका प्रबंधात दोन खात्यांची माणसं एकत्र आली की पहिलं काम होतं एकमेकांकडे बोट दाखवण्याचं. या दोघांनी ते अजून केलेलं नव्हतं, हे वाघमाऱ्यांना आवडलं.

"सर, सकाळी घंटी वाजलीच नाही," वर्षाराणी म्हणाली. "वाजली असती तर मी गेले असते. मी त्यांना तसा शब्द दिला होता."

"काय शब्द दिला होतास?"

"संमतीच्या कागदावरची भाषा त्यांच्या डोक्यावरून जात होती. मग मी सोपं करून सांगितलं, ही पट्टी तुमची राखण करील. काही झालं तर मी येईन." ती पुढं म्हणाली. "तुळजाबाई तर सुनेला घेऊन आल्या होत्या. हिलाबी एक द्या म्हणाल्या. पण सून गरोदर होती आणि गरोदर बायांना अभ्यासात घ्यायचं नाही, ही समितीची अट. मी तिला परत पाठवलं."

सत्यमनं संगणकावर आलेख उघडला. होळीनंतर पट्ट्या बांधल्या त्या दिवसापासूनची तुळजाबाईची रेघ. वर्षाराणीच्या प्रबंधातली सगळ्यात देखणी रेघ हीच होती, परिषदेत तिच्यावर टाळ्या पडल्या होत्या. ऊन चढत गेलं तशी विश्रांतीतली नाडी हळूहळू, एकसारखी चढत गेलेली. गंमत अशी की कामाच्या वेळी मात्र ती फारशी उसळत नव्हती.

"उन्हाला सरावलेलं शरीर, असं मी लिहिलंय," वर्षाराणी म्हणाली.

"रात्री सारखी उठते ही बाई," वाघमारे म्हणाले.

"उकाड्यानं, सर."

"आणि रोज सकाळी हे काय?"

सत्यमनं ओशाळून डोकं खाजवलं. "तेवढं एक मला सुटलं नाही. सकाळी पट्टी भराभर पावलं मोजते, पण नाडी बसलेल्या माणसाची. चालतेय, पण जागची उठत नाही, असं काहीतरी."

मरणाच्या दिवशीची सकाळही इतर सकाळींसारखीच होती. थोडी पावलं, शांत नाडी. ज्या वेळी बाई उसात कोसळली, त्या वेळी रेघ संथ वाहत होती. मग दुपारी एकदम कडा चढावा तशी वर, आणि त्यानंतर काहीच नाही. सपाट.

वाघमाऱ्यांनी पट्टी मागून घेतली. भिंग लावून पट्ट्याचं बक्कल बघितलं. खाचेत पांढरट काहीतरी वाळून बसलं होतं.

"घामाचं मीठ," सत्यम म्हणाला.

वाघमाऱ्यांनी ते नखानं खरवडलं, बोटावर चोळलं आणि सरळ जिभेला लावलं. सत्यमनं तोंड वाकडं केलं.

"अळणी आहे," ते म्हणाले. "आणखी एक सांग. ही दुपारची रेघ कुणी बसून बनवू शकतं?"

"नाही सर. दर ठोक्यामधलं अंतर वेगवेगळं आहे, श्वासासोबत हलतंय. हे काळीज खरोखर धडधडलंय." सत्यमचा आवाज खाली आला. "पण मेलेल्या बाईच्या हातावर कसं, ते मला विचारू नका."

३

समितीनं वर्षाराणीला गावात जायला मनाई केली होती, म्हणून वाघमाऱ्यांनी सत्यमला सोबत घेतलं. दोघं एसटीनं लातूरला उतरले आणि गाडी बदलून सावरवाडीला पोचले. उसाच्या कडेला बाभळीखाली टोळीच्या बाया सुटून बसल्या होत्या. टोळीचा मुकादम व्यंकटी आधीच ताव खाऊन होता.

"खामखा माझ्या नावानं वरडू नका सायेब. ती ताई यायची, म्हणायची ऊन झालं, बाया बसवा. म्या भांडलो, हाव, भांडलो. टोळी बसवली तर मला काम कोण देईल? पर तुळजाक्काला म्या माझ्या हातानं उचललं. टेम्पोत घातलं. तिचा हात माझ्या मानंवर हुता, आन त्या हातात पट्टीबिट्टी कायबी नव्हती."

"नक्की?"

"आता कुणाच्या गळ्याची शपथ घेऊ?"

म्हणजे दुसरा संशयित स्वतःच चालत आला. पट्टीनं घंटी दिली तर काम थांबतं, म्हणून यानंच ती सकाळी काढून घेतली असेल, आणि नंतर पाचावर धारण बसल्यावर तिच्या हातात घातली असेल. सत्यमच्या चेहऱ्यावर हे सगळं लिहिलेलं दिसत होतं. पण त्यानं काढून घेतली असती, तर दुपारी धडधडलं कुणाचं काळीज?

तुळजाबाईच्या शेजारी खुरपायला बसायची ती केवळाबाई. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"मुकादम खोटं बोलून राह्यला. पट्टी हातातच हुती. म्या बघितली ना."

"मग त्यानं का नाही बघितली?"

"पुरुषमाणसाचं ध्यान कुठं ऱ्हातंय." मग तिचा आवाज मऊ झाला. "लई जीव हुता हो तिचा सुनंवर. पुनमचं पयलं लेकरू पोटातच गेलं. कुणाला कळलंच न्हाई. दोन दिस पोरगी म्हणती पोट हालंना, समदे म्हणले हुईल. तवापसून तुळजा रातीची झोपायची न्हाई. सुनंच्या उशाला बसून ऱ्हायची."

बोलताना केवळाबाईनं डावा हात एकदाही पदराबाहेर काढला नाही. एवढ्या उकाड्यात, साडीवर चढवलेल्या तिच्या शर्टाच्या बाहीचं बटणसुद्धा लावलेलं होतं. बाकीच्या बायांकडे वाघमाऱ्यांनी नजर टाकली, तर त्यांचेही हात पदराआड.

"सर, मुकादमच असणार," वाटेनं सत्यम कुजबुजला.

"मुकादम खरं बोलतोय," वाघमारे म्हणाले. "खोटं ती बाई बोलतेय. आणि एकटी नाही, सगळ्या मिळून बोलतायत. कशापायी, तेवढं कळत नाही."

४

तुळजाबाईचं घर दोन खणांचं, पत्र्याचं, अंगणात शेवगा. भिंतीवर तिचा फोटो नवा होता, हार ताजा होता. प्रेमनं पाणी दिलं आणि पुन्हा तेच विचारलं.

"बघितलं का सायेब? किती तरास झाला?"

"बघतोय," वाघमारे म्हणाले. त्यांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना शेकडो लोकांनी विचारला होता, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. काही त्रास झाला नाही, झोपेत गेल्यासारखं गेलं. लोकांना तेवढ्यानं बरं वाटायचं. आज ते वाक्य तोंडात आलं आणि तिथंच अडलं. उसात पडलेली बाई झोपेत जात नसते, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

चुलीपुढं पुनम भाकरी करत होती. सातवा महिना, बसणं अवघड. पाहुणे आल्यावर करू नको म्हणून चालत नाही, म्हणून कुणी म्हटलंही नाही. तिनं ज्वारीचं पीठ मळलं, गोळा परातीत ठेवला आणि थापायला लागली. थप थप थप थप. डावा हात भाकरी फिरवतोय, उजवा थापतोय, दोन्ही मनगटं सारखी हलतायत. बांगड्यांच्या फटींत ओलं पीठ जाऊन बसत होतं.

वाघमारे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पट्टी काढली.

"सत्यम, ही हातात बांध. आणि पुनमबाई, जरा बाजूला सरका. हा भाकरी थापणार."

"मी?" सत्यम दचकला.

"इंजिनियर आहेस ना? भाकरी गोल आली नाही तरी चालेल."

सत्यमनं थापलेल्या भाकरीला लातूर जिल्ह्याच्या नकाशाचा आकार आला. प्रेमच्या तोंडावर आठवड्यात पहिल्यांदा हसू फुटलं. पण सत्यम हसत नव्हता. तो पट्टीच्या पडद्याकडे बघत होता.

"सर," तो म्हणाला, "पावलं वाढतायत. मी बसलोय आणि ही म्हणतेय मी चालतोय."

पुनमनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती जळायला लागली.

५

वाघमाऱ्यांनी प्रेम आणि सत्यमला दुधाच्या निमित्तानं बाहेर पाठवलं. मग ते उंबऱ्याशी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले, पण खुर्चीवर बसून विचारण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

"पोरी, मी बोलतो. चुकलं तर सांग," ते म्हणाले. "बक्कलात वाळलेलं पीठ होतं. तुझी सासू पहाटेच उसात जायची, भाकरी तू करायचीस. पट्टी सकाळी पावलं मोजायची, ती भाकरीची. रात्री सारखं उठणं, तेही पोटुशा बाईचं. आणि विश्रांतीतली नाडी महिन्यामागून महिना चढत गेली. आम्ही म्हटलं ऊन वाढलं म्हणून. पोटातलं लेकरू वाढतं तसं आईचं काळीजही जास्त पळतं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. पट्टी घातलेली बाई पहिल्या दिवसापासून उसात गेलीच नव्हती. घरातच होती."

पुनमचा हात आपसूक डाव्या मनगटाकडे गेला. तिथं पट्टीएवढी फिकट खूण होती.

"आत्यांनी त्याच दिशी घातली," ती म्हणाली. "ताईंनी मला न्हाई म्हणलं. वाटंत आत्या बोलल्या न्हाईत. घरी आल्या, दार लावलं, आन सोताच्या हातातली काढून माझ्या हातात बांधली. म्हणल्या, ही राखण करती म्हणं. माझी काय राखण करायची? माझं समदं झालं. तुज्या पोटात हाय, तू घाल. मागल्या बारीला कुणाला कळलं न्हाई, आता कळंल. कुणाला सांगू नगं, ताई काढून घेतील."

"आणि त्या दिवशी?"

चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं.

"दारात टेम्पो हुबा ऱ्हायला. मला वाटलं आत्या लवकर आल्या. मग त्यास्नी खाली उतरवलं, चादर बाजूला झाली. मला कायबी उमजंना. हातातली पट्टी थरथरून राहिली, लाल झाली. तवा माझ्या ध्यानात आलं, ताई म्हणल्या हुत्या, काय झालं तर येईन. म्हणून म्या काढली आन आत्याच्या हातात घातली."

"चोरी लपवायला नाही?"

"न्हाई हो," पुनम म्हणाली. "ताईंनी त्यांच्याकडं यावं म्हणून. मला येडीला वाटलं, अजून टाईम हाय."

घंटी खोटी नव्हती, वेळही खोटी नव्हती. त्या पोरीच्या काळजानं नांदेडपर्यंत हाक मारली होती, आणि ज्या रेघेला सगळे लबाडी म्हणत होते, ती रेघ म्हणजे दारात उतरवलेल्या सासूकडे बघणारी सून होती.

"धन्याला सांगू नगा," पुनम म्हणाली. "गाव म्हणंल, सासूची राखण हिनं हातात घालून ठिवली, आन सासू गेली. खोटं तरी कसं म्हणू?"

वाघमाऱ्यांनी डोळे पुसले, धूर लागल्यासारखं केलं. "पट्टी दुसऱ्याच माणसाच्या हातावर होती, एवढंच मी लिहीन. कुणाच्या, ते लिहिणार नाही," ते म्हणाले. "नवऱ्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव. पण त्यांनी ती तुला दिली होती. तू घेतली नव्हतीस."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाराणी आली. मनाई उठल्याचं वाघमाऱ्यांनी समितीला फोनवर कळवून टाकलं होतं. विचारत बसले नव्हते. त्यांनी तिला शाळेच्या व्हरांड्यात बसवून सगळं सांगितलं. तुझ्यावरचा आळ गेला, म्हणाले.

ती खूश झाली नाही. तिचा चेहरा पडत गेला, मग ती उठून सरळ टोळीकडे चालू लागली. डॉ. हंडरगुळ्यांचा फोन वाटेतच आला. तुळजाबाईची नोंद वगळ, बाकीच्यांवर प्रबंध उभा राहतो, कुणाला काही विचारू नकोस. ऐकून तिनं फोन बंद केला.

"केवळाबाई, हात दाखवा," ती म्हणाली. रागावून नाही.

केवळाबाईनं व्यंकटीकडे बघितलं, वाघमाऱ्यांकडे बघितलं, आणि पदराआडून हात बाहेर काढला. बाहीचं बटण सोडलं. मनगट मोकळं होतं.

"कुणाला दिली?"

"नातीला. फेफरं येतंय ओ तिला. शाळंत पडली तर कुणाला कळंल?"

महादेवीची पट्टी धाप लागणाऱ्या नवऱ्याच्या हातात होती. नागुबाईनं ती भोळसर भावाला बांधली होती, तो चालत कुठंही निघून जायचा. एकेक बाई हात पुढं करत गेली आणि एकेक मनगट उघडं निघालं. प्रत्येकीनं घरातलं ज्याच्याबद्दल भ्या वाटतं ते माणूस निवडलं होतं, आणि एकीनंही स्वतःला निवडलं नव्हतं. तुळजाबाईच्या हातात पट्टी नव्हती हे त्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सांगितलं असतं तर सगळ्यांच्याच पट्ट्या गेल्या असत्या.

वर्षाराणी बांधावर बसली. तीन वर्षांचा अभ्यास या मोजमापावर उभा होता. त्यात उन्हात राबणारी एकही बाई नव्हती.

"मी राखण म्हटलं, सर," ती म्हणाली. "मोजमाप म्हटलं असतं तर पट्टी तुळजाबाईंच्याच हातात राहिली असती. त्या जगल्या असत्या." आणि मग ती रडली. वाघमाऱ्यांनी तिला अडवलं नाही.

"खोडून टाकणार का सगळं?" त्यांनी बऱ्याच वेळानं विचारलं.

"नाही. जसं घडलं तसं लिहून देणार. पट्ट्या कुणाच्या हातात गेल्या आणि का गेल्या, तेही. दुसरा मार्गदर्शक मिळाला तर मिळाला."

दोघं प्रेमच्या घरी गेले. तो अंगणात वाटच बघत होता. वर्षाराणीच्या पिशवीत त्या रेघेचा छापलेला कागद होता. तिला तो बाहेर काढवेना.

"आणलं का ताई? मायचं?"

"ते आत्याचं न्हाई," दारातून पुनम म्हणाली. ती चौकटीला धरून उभी होती. "माझं हाय. आत्यानी पट्टी मला दिली हुती. पयल्या दिसापसून. म्या तुमाला सांगितलं न्हाई."

प्रेमनं बायकोकडे बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. शेवटी तो वर्षाराणीसमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला. तिनं कागद दिला.

"म्हंजी मायचं ह्यात कायच न्हाई."

"नाही," वर्षाराणी म्हणाली.

तो वाघमाऱ्यांकडे वळला. "मग तिला तरास झाला का न्हाई, हे कुणालाच कळणार न्हाई?"

नेहमीचं वाक्य वाघमाऱ्यांच्या ओठांवर आलं. या खेपेला त्यांनी ते गिळलं.

"मला माहीत नाही, बाळा," ते म्हणाले. "मला माहीत असायला हवं होतं."

प्रेम खाली बसला. कागदाची घडी घालायला त्याला जमेना, तशी पुनम जड पावलांनी आली, त्याच्या शेजारी टेकली आणि दोघांनी मिळून ती घडी घातली. त्यानं तिच्या मनगटावरची फिकट खूण बघितली. तिच्यावर अंगठा ठेवला आणि तिथंच राहू दिला.

वर्षाराणीनं पिशवीतून पट्टी काढली. बक्कल आता स्वच्छ होतं. गरोदर बाईला पट्टी बांधायची नाही हा नियम अजून लागू होता, आणि तो करणाऱ्या समितीचे एक सदस्य दोन हातांच्या अंतरावर उभे होते. डॉ. वाघमारे तेवढ्यापुरते पाठ फिरवून शेवग्याच्या शेंगा बघत राहिले. मागं बक्कल लागल्याचा बारीक आवाज आला.

"काय झालं तर?" पुनमनं विचारलं.

"मी येईन," वर्षाराणी म्हणाली.